सात दारांचे मुराळी

निंबवडीत नागपंचमीच्या तोंडावर सुनांना माहेरी न्यायला दारोदार मुराळी येतात, पण सगळ्यांच्या आधी येतो तो रंगूबाईंच्या दारात. थोरले भाऊ आकाराम पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. चतुर्थीला सकाळी साडेआठला त्यांची मोटारसायकल अंगणात उभी राहायची आणि हाळी यायची, "रंगू, आटप गं!" रंगूबाईंच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. पलटणीत असताना दोन-चार साल रजा मिळाली नाही, तेव्हा त्यांनी चुलतभावाला धाडलं. पण रंगूबाईंच्या दारात मुराळी आलाच नाही, असं साल नव्हतं.

म्हणून पंचमीला बारा दिवस असताना रंगूबाईंनी फोनवर सांगितलं, "दादा, औंदा मला न्यायला येऊ नगंस," तेव्हा आकारामदादा दचकलेच.

"का गं? तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय."

"दाजी काय बोललं?"

"त्येंला कवा बोलता आलंय?"

ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या नाथाजींनी चष्म्यावरून एकदा बायकोकडे पाहिलं आणि पान उलटलं.

"मग झालंय काय?"

रंगूबाईंनी पदर सारखा केला. "तू ये, पर माज्यासाठी न्हवं. सस्मिताला न्यायला ये. तिला कोण न्हाई."

सस्मिता ही त्यांची सून. विट्याच्या बाजूची निम्मी पोरं सोनं गाळायच्या धंद्यात परमुलखात गेली, तसा त्यांचा जयराज ओडिशात कटकला गेला. दुकानाच्या शेजारच्या घरातली मुलगी त्याला आवडली, दोन्हीकडच्यांनी लग्न लावून दिलं. कोरोनात दुकान बंद पडलं तेव्हा तो बायकोला घेऊन गावी आला. दुकान पुन्हा उघडलं तसा तो परत गेला. सस्मिता सासू-सासऱ्यांपाशी राहिली. गावात अशा आता सात जणी होत्या. एक सेलमकडची, दोघी बंगालच्या, एक तेलंगणातली, एक आसामची, आणि हौसाबाईंची सून गौरव्वा विजापूरच्या पलीकडची. काही अशा सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यांनी लग्न करून आणलेल्या. काही, इथं पोरांना मुली मिळेनात म्हणून मध्यस्थानं जमवून दिलेल्या. गाव त्यांना नावानं हाक मारत नसे. "ती बंगालीण", "ती मद्रासीण", "ए कानडे". सस्मिता ही "जयराजची उडियावाली".

पंचमीला गावच्या सुना माहेरी जातात आणि गावच्या लेकी माहेरी येतात. या सात जणींना न्यायला कुणी येत नाही. मग आलेल्या लेकींचा स्वयंपाक त्या करतात. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. म्हणून पुरणाची दिंडं वाफवायची. लेकी नव्या काकणांनी वारुळापाशी फेर धरतात, आणि या चुलीपुढे.

सस्मिताची पहिली पंचमी रंगूबाईंना आठवत होती. त्या माहेरी निघायच्या गडबडीत होत्या. सस्मिता पिवळं लुगडं नेसून, केसांत फूल माळून उंबऱ्यात आली होती. गावच्या बायकांबरोबर आपणही फेराला जायचं, असं तिला वाटलं होतं. रंगूबाईंनी तिच्या दंडाला हात लावून हळूच म्हटलं होतं, "तू घरात थांब हां बाळ. ही गावच्या लेकींची पंचमी." किती मायेनं म्हटलं होतं! तेव्हा त्यांना वाटलं होतं, परकी पोर बावरेल, तिला आपण सांभाळून घेतलं. सस्मिता मान हलवून आत गेली आणि पुन्हा कधी तिनं फेराचं नाव काढलं नाही.

तीन वर्षांपूर्वीची पंचमी मात्र रंगूबाईंना आठवायची नव्हती, आणि तीच रोज आठवायची. गुडघ्याच्या दुखण्यामुळं त्या सालात भावानं त्यांना चतुर्थीला नेऊन पंचमीला सकाळीच परत आणून सोडलं होतं. घरी लेक साक्षी आली होती, जाऊबाईंच्या दोघी आल्या होत्या. सस्मितानं चाळीस दिंडं केली, सगळ्यांना वाढली, भांडी घासली. तिन्हीसांजेला रंगूबाई देवापुढे दिवा लावत होत्या तेव्हा मागून आवाज आला, "आई, माझा भाऊ गेला. सकाळी फोन आला होता."

"सकाळी? अगं, मग तवाच का न्हाई सांगितलंस?"

"ताई आल्या होत्या ना. त्यांच्या भावाचा सण होता."

पण रंगूबाईंना बोचत होतं ते वेगळंच. हे ऐकल्यावर पहिल्यांदा त्यांच्या मनात त्या भावाची आई आली नाही, त्याची पोरं आली नाहीत. पहिल्यांदा आलं ते सुतक. हिनं सुतकात देवाचा नैवेद्य रांधला, हे! क्षणभरच. मग त्यांनी तिला जवळ घेतलं. पण तो क्षण त्यांच्या खात्यावर राहिला होता. रोज पहाटेची आंघोळ, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, सोमवार, चतुर्थी, एकादशी, काही चुकत नव्हतं. आणि तरी पोथी मिटताना वाटायचं, देव ऐकतो आहे, पण बोलत नाही.

गेल्या साली चतुर्थीला, भावाच्या उपासाच्या दिवशी, माहेरी निघता निघता त्यांनी सस्मितापुढे भाकरी ठेवली, तर तिनं ती तशीच झाकून ठेवली. विचारलं तर म्हणाली, "मी पण धरते आई. आधीपासून."

"अगं, पर तुजा भाऊ तर…"

"तो गेला. मी बहीण आहेच ना अजून."

रंगूबाईंनी ती भाकरी उचलून घेतली. एक वर्ष त्यांनी ते मनात घोळवलं, आणि आता हा फोन.

आकारामदादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रंगू, तू शाणी हायस, पर एक चुकलीस. मी जयराजचा मामा. तिचा मामेसासरा. सासरा कवा मुराळी हुतो व्हय?"

रंगूबाईंनी जीभ चावली. सगळे सण-वार, सगळे मान-पान पाठ असलेल्या बाईला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. त्यांच्या माहेरची सगळी भावकी सस्मिताला सासऱ्याच्या नाहीतर दिराच्या नात्यातली. तिथून तिला भाऊ मिळणारच नव्हता.

"मग?"

"इचार करू दे."

संध्याकाळी रंगूबाईंनी सस्मिताला सांगितलं. तिनं निवडायचं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच सासूला नाही म्हटलं. "मी एकटी नाही जाणार, आई. गौरव्वा माझ्याकडं बघेल. त्या दोघी बघतील. मी कशी जाऊ?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "दादा, एक न्हवं. सात लागत्यात."

"सात काय?"

"मुराळी."

"रंगू," आकारामदादा म्हणाले, "उभ्या जन्मात कदी सेनापती झालो न्हाई, ते तू म्हातारपणी करणार बघ." मग आवाज उतरला. "सा जणींचं जमंल. मी आन भावकीतली पाच. त्या पोरींला आमी सोयरं न्हवं, पायरं न्हवं, भाऊ व्हायला काय आडकाठी? तुज्या सुनंचं मातुर… आपल्या माळावरचा अर्जुना हाय. काल सांजंला पारावर मी बोललो, तर म्हणाला, 'आमी चालतो का? आमी तीन भाऊ, बहीण न्हाई. पंचमीला कुणाच्या दारात जावं कळत न्हाई.' धनगराचा मुराळी चालंल का तुला?"

रंगूबाईंनी अर्जुनाला लहानपणापासून पाहिलं होतं. त्याची मेंढरं दरसाल दादांच्या रानात बसायची. त्याची आई दगडाबाई दारात यायची, ताक मागायची. आणि रंगूबाईंची आई वरून, हात न लागू देता, तिच्या तांब्यात ताक ओतायची. मुराळी म्हणजे त्याला देवघरासमोर पाटावर बसवायचं, ओवाळायचं, गुळाचा खडा हातावर ठेवायचा.

"चालंल," त्या म्हणाल्या. त्या दिवशी पोथीचा एकच अध्याय त्यांनी दोनदा वाचला, कारण पहिल्या वेळी काय वाचलं ते कळलंच नव्हतं.

गोष्ट लपून राहणारी नव्हती. गुरुवारी भजनाला देवळात बायका जमल्या तेव्हा टाळ बाजूला ठेवून हौसाबाईंनीच तोंड फोडलं. हौसाबाईंचा आवाज असा, की पखवाजानं दबून राहावं.

"आवं रंगूबाई, माहेर काय उसनं मिळतंय व्हय? वाटीभर साखर हाय का ती?"

दोघी-तिघी हसल्या.

"मिळत न्हाई," रंगूबाई म्हणाल्या. "म्हणून तर मागाय गेले."

"इकत आणल्यावानी आणल्याल्या पोरी ह्या. त्यांला कसला मुराळी आणतायसा? उद्या म्हणतील, फेरात बी घ्या."

"व्हय, म्हणतील. घ्याच म्हणतील."

"आन आमच्या लेकींचा सैपाक?"

ते खरं दुखणं बाहेर आल्यावर कुणी हसलं नाही. प्रत्येकीच्या घरी लेकी यायच्या होत्या. रंगूबाईंनी टाळांची दोरी बोटाला गुंडाळली. त्यांना मोठ्यानं बोलता येत नसे. सगळ्यांना वाकून ऐकावं लागे. "हौसाबाई, आपल्या गावात मुराळी उंबऱ्यावरनं रिकामा धाडत न्हाईत. ज्या घरानं धाडला, त्या घरानं पंचमीला वारुळाला दूध घालायचं न्हाई. माज्या सासूबाईंनी मला सांगितलं, तुमच्यांनी बी तुमास्नी सांगितलं असंल."

"मुराळी येऊ तर द्यात," हौसाबाई म्हणाल्या. "कोण येतंय बघूच की."

चतुर्थीला सकाळी निंबवडीत कुणी रानात गेलं नाही. साडेआठला रंगूबाईंच्या माहेरच्या, कळंबेमाळाच्या वाटेनं ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत नवी ताडपत्री अंथरलेली, बाजूंना आंब्याचे डहाळे बांधलेले, आणि आत सात जण उभे. सहा पांढरे फेटे, एक लाल. लाल फेटा अर्जुनाचा. खांद्यावर घडी घातलेलं घोंगडं, हातात पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारं साडीचं हिरवं टोक.

ट्रॅक्टर रंगूबाईंच्या दारात थांबला. मागोमाग गाव आलं. सगळ्यांत पुढे हौसाबाई.

"कोण कुणाचा?" त्यांनी विचारलं.

आकारामदादांनी खिशातून कागद काढून, पलटणीत हजेरी घ्यावी तसं वाचलं. कुणाच्या दारी कोण. शेवटी म्हणाले, "नाथाजी दाजींच्या घरी, अर्जुना."

हौसाबाईंनी कपाळावर हात मारला. "ऐकलंसा का गं? मेंढरामागचा माणूस मुराळी! ह्येंच्या घरात!"

अर्जुनानं फेटा नीट केला. "मावशे, तुमच्या रानात बी माजी मेंढरं बसली हुती की मागल्या साली. त्येंचं खत ग्वाड लागलं, मग मीच कसा कडू?"

पोरं फिदीफिदी हसली. हौसाबाईंचा चेहरा लाल झाला. त्या रंगूबाईंकडे वळल्या. "तुमचं सोवळं सगळ्या गावाला ठावं हाय. चुलीला घराभाईरच्या बाईचा हात लागलेला चालत न्हाई तुमास्नी. ह्येला देवाम्होरं पाटावर बसवा. तुमी बसवलंसा, तर माजी सून मी आत्ता धाडते. आन न्हाई बसवलंसा, तर ह्यो तमाशा इथंच थांबवा."

ज्या पाच घरांत अजून मुराळी जायचा होता, त्या पाच सासवा तिथंच उभ्या होत्या. हौसाबाई धाडतील तर त्या धाडणार, हौसाबाई अडल्या तर त्याही अडणार. रंगूबाईंना ते कळत होतं. सस्मिता दाराच्या आत उभी होती. तिनं नवीन काही नेसलं नव्हतं, घरातलीच साडी. बहुधा तिचाही विश्वास नव्हता.

रंगूबाई आत गेल्या. बाहेर कुणीतरी म्हणालं, "गेल्या बगा आत." पण त्या बाहेर आल्या तेव्हा एका हातात पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्या हातात पितळी परात. त्यांनी परात उंबऱ्यापाशी ठेवली, गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अर्जुना, पाय दे बाबा."

"आवं आक्का, पाय मी धुतो माजं…"

"मुराळी स्वतःचं पाय धुतो व्हय? दे."

त्याच्या टाचांच्या भेगांत माळावरची लाल माती होती. ती धुताना रंगूबाईंना आपल्या आईचा तांब्यावर उंच धरलेला हात आठवला. त्यांनी दोन्ही पाय नीट धुतले, पदरानं पुसले. मग त्याला आत नेलं. देवघरासमोर पाट मांडलेला होता, पाटाभोवती रांगोळी. ती त्यांनी पहाटेच घातली होती. हौसाबाईंनी आव्हान देण्याच्या कितीतरी आधी. दारात दाटलेल्या बायकांनी ते पाहिलं.

"सस्मिता," त्यांनी हाक मारली, "निरांजन घे. भाऊ आलाय तुजा."

सस्मितानं ओवाळलं. अर्जुनानं तिच्या हातात हिरवी साडी दिली आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाला, "ह्यी आमच्या आयनं निवडलीया. रंग पसंत नसंल तर तिला सांगू नगंस." सस्मिता रडता रडता हसली. तिनं गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला, "दादा" म्हणाली, आणि मग दुसऱ्यांदा म्हणाली, पहिल्या वेळी आवाज फुटला नव्हता म्हणून.

रंगूबाई दाराकडे वळल्या. "हौसाबाई, चला. तुमच्या दारात माजा दादा येतोय."

हौसाबाई दिलेल्या शब्दाला पक्क्या. शत्रूही ते कबूल करायचे. तोंड वाकडं करून का होईना, त्या पुढे चालायला लागल्या. गौरव्वा दारात पीठ माखल्या हातांनी उभी होती. चार वर्षांत तिचा आवाज गावानं फारसा ऐकला नव्हता. आकारामदादांची सगळी उमेदीची वर्षं बेळगावच्या पलटणीत गेलेली, कानडी तिथंच शिकलेली. ते अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "तंगी, बारव्वा. मनीगे होगूण."

बहीण, ये गं, घरी जाऊ, एवढंच. पण गौरव्वाचा हात तोंडावर गेला. मग तिनं कानडीत भराभर काहीतरी विचारलं, दादांनी उत्तर दिलं, आणि ती खळखळून हसली. निंबवडीनं गौरव्वाला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. तिनं हात झटकले आणि सासूकडे वळून, चांगल्या खणखणीत मराठीत म्हणाली, "आत्ती, अण्णा आलाय माझा. पाय धुवायला पाणी आणता का?"

हौसाबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा जमलेल्या गावाकडे. मग आत जाऊन त्यांनी तांब्या आणला.

"काय इचारत हुती ती?" रंगूबाईंनी भावाला हळूच विचारलं.

"तुमच्याकडं दिंडं कोण करतंय, म्हणत हुती. मी म्हटलं, तू सोडून कोण बी."

पुढचं सगळं भराभर झालं. पाच घरांत पाच मुराळी गेले, पाच घरांतून पाच जणी निघाल्या. ज्या सासवांनी ओटीची काही तयारी केली नव्हती, त्या शेजारणीकडे नारळ शोधत धावल्या. सेलमच्या पोरीचा यादीत ठरलेला भाऊ लाजून बोलेचना, तेव्हा तिनंच त्याला "चला अण्णा" म्हणून पुढे घातलं. बंगालच्या दोघी एकमेकींचा हात धरून ट्रॉलीत चढल्या.

"आणून कवा सोडणार?" हौसाबाईंनी गौरव्वाच्या ओटीत तांदूळ घालता घालता विचारलं.

"पाच दिसांनी," आकारामदादा म्हणाले.

"पाच दिस!"

"वैनी, बहिणीला एका दिसात कोण पाठवतंय? तुमच्या लेकी येत्यात न्हवं? त्यांला जरा चुलीपुढं बसवा."

ट्रॅक्टर सुरू झाला. दादांनी वरून वाकून पाहिलं. "रंगू, तू?"

"मी म्हटलं न्हवं, औंदा नगं. साक्षी येणार दुपारी. घरात कोण तरी पायजे."

ओसरीवरून नाथाजींचा आवाज आला. "मी हाय की."

सगळे तिकडे बघायला लागले. नाथाजींनी पेपराची घडी घातली, चष्मा खिशात ठेवला. "दिंडं मी वाफवतो. साक्षी पुरण वाटंल."

"तुमास्नी येतंय?"

"एकेचाळीस साल खातोय. बघितलं बी असंलच की कदी." आणि त्यांनी स्वतः येऊन बायकोला ट्रॉलीत चढायला हात दिला.

कळंबेमाळात रेश्मा मणेरीण दादांच्या ओसरीवर काकणांच्या माळा मांडून वाट बघत होती. तिनं सात जणींचे हात एकामागून एक हातात घेतले. आसामच्या पोरीच्या मनगटाला एकही माप बसेना, इतका नाजूक हात. तेव्हा रेश्मा म्हणाली, "थांब गं माजी बाय, तुज्यासाठी माज्या लेकीचं माप काढते," आणि पेटीच्या तळातून डझनभर चिमुकली हिरवी काकणं काढली. त्या दिवशी भावासाठी कुणीच काही खाल्लं नाही. आठही जणी उपाशी, आणि ओसरीवर इतका हशा, की दादांच्या बायकोला वाटलं, ह्या जेवून आल्यात का काय.

पंचमीला दुपारी गौरव्वाचा फोन वाजला. हौसाबाई होत्या, त्यांचा आवाज फोन कानाला न लावताही ओसरीभर ऐकू येत होता. "दिंडं फुटायला लागली गं सगळी! काय घालतीस काय तू त्येच्यात?"

"पुरण पातळ झालं असेल, आत्ती. परत चुलीवर ठेवा, घट्ट करा. आणि कणिक सैल भिजवू नका."

"बरं." पलीकडे पातेल्याचं झाकण वाजलं. "काकणं कसली भरली?"

"हिरवी."

"दिसत असतील चांगली," हौसाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ऊन कललं तसा कळंबेमाळाचा फेर वारुळापाशी जमला. गावच्या लेकी होत्या, माळावरून दगडाबाई आपल्या वस्तीच्या बायका घेऊन आली होती, रेश्मा होती, आणि मध्ये या सात जणी नव्या साड्यांत अवघडून उभ्या. पहिली ओवी धरायचा मान रंगूबाईंचा. त्यांचा आवाज बोलताना लहान, पण ओवीत निराळा; तिथं कुणाला वाकून ऐकावं लागत नसे.

"वारुळाच्या वाटं, उभी कोण गं साजणी,
आकारामदादाची मी पाठची बहिणी…"

बायकांनी ओळ उचलली. फेर फिरायला लागला. मग एकेकीनं पुढे होऊन आपल्या भावाचं नाव ओवीत गुंफायचं, आणि सगळ्यांनी ते नाव म्हणत एक फेरा घ्यायचा, ही तिथली रीत. चार-पाच जणी झाल्या. मग सस्मिताची पाळी आली.

ती थांबली. तिच्यामुळे फेरही थांबला. रंगूबाईंना वाटलं, ही घाबरली. त्या पुढे होणार, तेवढ्यात सस्मितानं डोळे मिटून सूर धरला.

"दूरच्या गं देशी, माझा बिभूतीदादा,
जवळच्या गं माळावरी, माझा अर्जुनदादा…"

बिभूती.

सून घरात येऊन इतकी वर्षं झाली होती. तिचा भाऊ गेल्याचं त्यांनी ऐकलं होतं, तिला जवळ घेतलं होतं, त्याच्यासाठी देवापुढे दिवाही लावला होता. आणि त्याचं नाव रंगूबाईंनी कधी विचारलंच नव्हतं. ते आज, अशा भर फेरात, त्यांना कळत होतं. पण ओळ उचलायचा मान त्यांचा होता. त्या थांबल्या तर फेर थांबणार. त्यांनी मान वर केली आणि जन्मात म्हटली नव्हती इतक्या मोठ्यानं म्हटलं, "माझा बिभूतीदादा!"

"माझा बिभूतीदादा!" साठ-सत्तर बायका म्हणाल्या आणि फेर फिरला. काकणं एका तालात वाजली. वारुळाच्या कडेला उभा राहिलेला अर्जुना फेट्याच्या शेवानं तोंड पुसत होता. दुसऱ्या फेऱ्याला सगळ्यांनी त्याचं नाव घेतलं, तेव्हा तो लाजून दादांच्या पाठीमागे गेला आणि त्याच्या आईनं, दगडाबाईनं, त्याला ओढून पुन्हा पुढे आणलं.

मग कुणी घाबरलंच नाही. गौरव्वानं एका दमात तीन भावांची नावं घेतली. सेलमच्या पोरीचा भाऊ होता तमिळसेल्वन. पहिल्या खेपेला कळंबेमाळाच्या बायकांच्या जिभेवर त्या नावाचा पार चुराडा झाला. पोरीनं कमरेवर हात ठेवून फेर थांबवला, मान हलवली आणि नाव सावकाश, तोडून तोडून सांगितलं. बायकांनी ते हसत हसत, एकमेकींकडे बघत, दोनदा घोळवलं. दगडाबाईला सगळ्यांच्या आधी जमलं. तिसऱ्या खेपेला रंगूबाईंनी सस्मिताचा हात घट्ट धरला, पाय आपटून ताल दिला, आणि सगळा माळ ते नाव बिनचूक म्हणत फिरायला लागला.